यंत्राच्या पोटातला माणूस

१

१८३६ सालच्या एप्रिल महिन्यात अमेरिकेतल्या रिचमंड शहरातून निघणाऱ्या 'सदर्न लिटररी मेसेंजर' या मासिकात एक दीर्घ लेख प्रसिद्ध झाला. लेखक होता त्या मासिकाचा तरुण संपादक एडगर अ‍ॅलन पो. साहित्याचे विद्यार्थी पोला ओळखतात ते भयकथेचा आणि गुप्तहेरकथेचा एक आद्य शिल्पकार म्हणून. हा लेख मात्र कथेविषयी नव्हता की कवितेविषयी नव्हता. बुद्धिबळ खेळणाऱ्या आणि बहुतेक डाव जिंकणाऱ्या एका यंत्राविषयी तो होता. हे यंत्र त्या काळी अमेरिकेतल्या शहरांतून फिरत होते आणि तिकीट काढून आलेले प्रेक्षक त्याच्या हातून पराभूत होऊन थक्क मनाने घरी जात होते.

पोचा निष्कर्ष असा, की हे यंत्र मुळात यंत्र नाहीच. त्याच्या पोटात माणूस दडलेला आहे. निष्कर्ष बरोबर होता. तो ज्या युक्तिवादांवर उभा होता त्यांतले काही मात्र साफ चुकीचे होते. आणि जवळजवळ दोन शतकांनी तो लेख वाचताना आम्हाला त्यातल्या बरोबर उत्तरापेक्षा हे चुकलेले युक्तिवादच अधिक बोलके वाटतात.

यंत्रे माणसाच्या पुढे गेली, जात आहेत, जाणार आहेत, ही चर्चा सध्या सर्वत्र ऐकू येते आणि ती बहुधा भविष्यकाळात चालते. आम्ही भाषा-साहित्याचे अध्यापक. यंत्रशास्त्राशी आमचा परिचय वाचनापुरता. परंतु या विषयाला एक दीर्घ भूतकाळही आहे, आणि त्यात अभियंत्यांइतकेच कवी, कथाकार आणि विचारवंत वावरलेले आहेत. त्या भूतकाळातला एकच धागा, बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्राचा, येथे उलगडून पाहावयाचा आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे: यंत्राने माणसाला मागे टाकल्याच्या प्रत्येक प्रसंगी त्या यंत्राच्या आत किंवा आसपास कोणीतरी माणूस असतोच, त्याची जागा तेवढी बदलत जाते. ती जागा शोधणे हे काम अभियंत्यांवर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

२

पोने पाहिलेले यंत्र तोवर पासष्ट-सहासष्ट वर्षांचे झाले होते. वुल्फगांग फॉन केंपेलेन या हाब्सबुर्ग दरबारातल्या अधिकाऱ्याने १७७० साली व्हिएन्नाच्या शॉनब्रुन राजवाड्यात सम्राज्ञी मारिया थेरेसा हिच्यासमोर ते प्रथम सादर केले. साधारण साडेतीन फूट लांब, दोन फूट रुंद आणि अडीच फूट उंच अशी एक लाकडी पेटी. तिच्यावर बुद्धिबळाचा पट. आणि पेटीमागे बसलेला पुरुषभर उंचीचा एक पुतळा. पुतळ्याच्या डोक्यावर पागोटे, अंगात झूल असलेला झगा, हाती लांब नळीची चिलीम. या वेषामुळे यंत्राला 'तुर्क' हे नाव पडले आणि ते कायमचे चिकटले.

खेळाआधी प्रदर्शनकर्ता पेटीची दारे एकामागून एक उघडी. डावीकडच्या कप्प्यात दातेरी चाकांची दाटी दिसे. तो मागचे दार उघडून मेणबत्ती धरी आणि उजेड चाकांच्या फटींतून आरपार आलेला प्रेक्षकांना दिसे. मग उजवीकडचा जवळजवळ रिकामा कप्पा दाखविला जाई. सर्व काही पाहून झाले अशी खात्री पटल्यावर दारे बंद होत, किल्ली फिरविली जाई, चाकांची घरघर सुरू होई आणि तुर्क डाव्या हाताने पहिले प्यादे उचली.

सारी खुबी दारे उघडण्याच्या क्रमात होती. आतला माणूस सरकत्या बैठकीवर बसलेला असे. एक बाजू उघडली की तो दुसरीकडे सरके, दुसरी उघडायच्या वेळी परत पहिलीकडे येई. चाकांची दाटी पेटीच्या केवळ एका भागापुरती होती. पटावरच्या प्रत्येक मोहऱ्याच्या तळाशी लोहचुंबक होते; मोहरे उचलले वा ठेवले की पटाच्या खालच्या अंगाला टांगलेला छोटासा लोहगोल हाले आणि आतल्या माणसाला चाल कळे. स्वतःजवळच्या दुसऱ्या लहान पटावर तो डाव मांडी आणि तरफांच्या एका जोडणीने पुतळ्याचा हात फिरवी. त्याच्यापाशी एक मेणबत्ती असे. तिचा धूर वर निघून जाई, आणि तो कोणाच्या ध्यानात येऊ नये म्हणून पेटीच्या आसपास उघड्यावरही मेणबत्त्या तेवत ठेवलेल्या असत. कोंडलेल्या जागेत, धुरात, तासभर वाकून बसून त्या काळातल्या उत्तम खेळाडूंशी खेळणे हे किती कष्टाचे असेल याची कल्पनाच केलेली बरी.

तुर्काचा वेषही विचारात घेण्याजोगा आहे. भारतात चतुरंग म्हणून जन्मलेला हा खेळ इराणात आणि अरबी जगात शतरंज झाला आणि तेथून युरोपात गेला. म्हणून बुद्धिबळपटू पुतळ्याला पौर्वात्य वेष देणे वरवर स्वाभाविक दिसते. पण ज्या व्हिएन्नाला १६८३ साली तुर्की सैन्याचा वेढा पडला होता, त्याच व्हिएन्नात नव्वद वर्षांच्या आत तुर्क हा करमणुकीचा, किल्लीने चालणारा पुतळा झाला. एकेकाळची भीती आता दिवाणखान्यात बसविता येत होती. त्याच वेळी तो पागोटेवाला अनाकलनीय, गूढ विद्येचा धनीही वाटत होता. पौर्वात्य माणसाला एकाच वेळी निर्जीव आणि गूढ ठरविण्याची ही रीत साहित्याच्या अभ्यासकांना अपरिचित नाही.

स्वतः केंपेलेन या यंत्राला क्षुल्लक गंमत समजत असे. त्याचे खरे मन गुंतले होते दुसऱ्याच एका यंत्रात. भाता, नळ्या आणि पोकळ तोंड यांच्या साहाय्याने मानवी उच्चार काढणारे यंत्र त्याने अनेक वर्षे खपून घडविले आणि १७९१ साली मानवी वाणीच्या रचनेवर ग्रंथ लिहिला. ध्वनिविज्ञानाच्या इतिहासात त्या ग्रंथाला मानाचे स्थान आहे. परंतु लोकांनी लक्षात ठेवला तो तुर्क. खऱ्या यंत्राचा अडखळता उच्चार ऐकण्यापेक्षा खोट्या यंत्राचा अचूक खेळ पाहणे त्यांना अधिक आवडले.

१७८३ साली तुर्काचा युरोपदौरा निघाला. पॅरिसमध्ये त्या युगातला श्रेष्ठ खेळाडू फिलिदोर याने त्याला हरविले. बेंजामिन फ्रँकलिनही त्याच्याशी खेळला. केंपेलेन १८०४ साली वारल्यावर योहान मेल्त्सेल या यंत्रकाराने तुर्क विकत घेतला. १८०९ साली शॉनब्रुनमध्येच नेपोलियनने त्याच्याशी डाव मांडला तेव्हा आत योहान आल्गायर हा व्हिएन्नातला नामांकित खेळाडू बसला होता, असे मानले जाते. नेपोलियन, फ्रँकलिन, फिलिदोर ही नावे प्रत्येक हकिकतीत येतात. आत बसणाऱ्यांची नावे मात्र सर्व खेळ संपून गेल्यावर, शोधून शोधून गोळा करावी लागली.

३

या करमणुकीचा एक परिणाम मात्र करमणुकीपुरता राहिला नाही. १७८४ साली तुर्क लंडनमध्ये होता. त्याच वर्षी एडमंड कार्टराइट नावाचा एक इंग्रज धर्मोपदेशक मँचेस्टरच्या काही मंडळींशी बोलत बसला होता. कार्टराइट हा यंत्रज्ञ नव्हता. आख्यानकाव्य लिहिणारा कवी म्हणून त्याचे थोडेफार नाव होते. विषय निघाला सूतकताईच्या नव्या यंत्रांचा. सूत इतके निघू लागले तर ते विणायला हात कोठून आणणार, असा प्रश्न होता. विणण्याचेही यंत्र करावे, असे कार्टराइटने सुचविले. ते अशक्य आहे, असे मँचेस्टरच्या जाणकारांनी एकमुखाने सांगितले. त्यावर कार्टराइटने तुर्काचा दाखला दिला. बुद्धिबळासारख्या गुंतागुंतीच्या खेळातल्या सर्व चाली करणारे यंत्र जर लंडनमध्ये दाखविले जात आहे, तर कापड विणणारे यंत्र करणे त्याहून अवघड कसे असेल? ही हकिकत त्याने स्वतःच लिहून ठेवलेली आहे. पुढच्याच वर्षी, १७८५ साली, त्याने यंत्रमागाचे पेटंट घेतले.

दाखला खोटा होता आणि त्यातून निघालेले यंत्र खरे. कार्टराइटचा पहिला माग ओबडधोबड होता, त्याला स्वतःला त्यातून फायदाही झाला नाही. इतरांनी तो सुधारत नेला. परंतु १८०९ साली ब्रिटिश पार्लमेंटने त्याला दहा हजार पौंडांचे पारितोषिक दिले, आणि पुढच्या चार दशकांत इंग्लंडमधल्या हातमाग विणकरांचा धंदा जवळजवळ नाहीसा झाला. ज्या यंत्राच्या पोटात माणूस होता, त्याने माणसांना मागावरून उठविणाऱ्या यंत्राला धीर दिला.

तुर्क फिलाडेल्फिया येथल्या संग्रहालयाला आग लागून १८५४ च्या जुलै महिन्यात जळाला. त्याच वर्षी मुंबईत ताडदेव येथे कावसजी नानाभाई दावर यांनी पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला. हा निव्वळ योगायोग आहे, त्याला अधिक अर्थ चिकटवू नये. पण गिरण्यांत पुढे जे माग खडखडू लागले त्यांचा वंश कार्टराइटपर्यंत पोहोचतो हे खरे. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव ही आपली यंत्रमागाची गावे त्याच वंशातली. हातमागावरचा धोटा ज्याच्या हातून सुटला त्या कोष्ट्या-साळ्या-मोमिनांच्या घरांतलेच अनेकजण पुढे यंत्रमागापाशी उभे राहिले, आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावातला माणूस यंत्रापासूनही तुटला. नारायण सुर्व्यांची कविता शिकविताना आम्ही ज्या कामगाराविषयी बोलतो, तो या साखळीच्या आपल्याकडच्या टोकाला उभा आहे.

येथे आपल्या भाषेतली एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी. 'विणकराने कापड विणले' आणि 'यंत्राने कापड विणले' या दोन वाक्यांत प्रत्यय एकच: 'ने'. पहिल्या वाक्यातला 'ने' कर्त्याचा. दुसऱ्यातला कर्त्याचाही असू शकतो आणि साधनाचाही, म्हणजे व्याकरणाच्या भाषेत करणाचा. 'विणकराने यंत्राने कापड विणले' असे पूर्ण वाक्य लिहिले की संदिग्धता उरत नाही. पण बोलता बोलता विणकर गळतो, वाक्य तरीही शुद्धच राहते, आणि जे करण होते ते कर्ता होऊन बसते. यंत्र माणसाच्या पुढे गेल्याच्या बहुतेक वार्ता या गळलेल्या कर्त्याच्या वाक्यांत सांगितलेल्या असतात.

४

आता पोच्या युक्तिवादाकडे वळू. चार्ल्स बॅबेज हा गणिती मेल्त्सेलच्या दौऱ्यात तुर्काशी खेळून हरला होता आणि पुढे गणनयंत्र घडवू लागला होता. त्याच्या गणनयंत्राची तुलना पो तुर्काशी करतो. गणिताच्या उदाहरणात एका पायरीतून पुढची पायरी अटळपणे निघते, म्हणून ते यंत्राला जमेल. बुद्धिबळात तसे नाही. प्रतिस्पर्धी काय करील यावर पुढची चाल अवलंबून, म्हणून ते यंत्राला कधी जमणार नाही. शुद्ध यंत्र आणि निर्णय यांच्यामध्ये त्याने अशी पक्की भिंत घातली.

ही भिंत पुढे टिकली नाही. लेओनार्दो तोर्रेस केवेदो या स्पॅनिश अभियंत्याने १९१२ च्या सुमारास राजा आणि हत्ती घेऊन एकट्या राजावर मात करणारे खरेखुरे यंत्र तयार केले. डावाचा शेवट तेवढाच ते खेळे. पण आत कोणी माणूस नव्हता, आणि प्रतिस्पर्ध्याच्या कोणत्याही चालीला ते उत्तर देत असे.

पोचा दुसरा युक्तिवाद आणखी मासलेवाईक आहे. तुर्क कधी कधी हरतो. खरे यंत्र असते तर ते नेहमीच जिंकले असते. ज्या तत्त्वाने यंत्र एक डाव जिंकू शकेल त्याच तत्त्वाचा विस्तार केला की ते सर्व डाव जिंकेल. म्हणून तुर्क हा माणूस आहे. म्हणजे चुकणे ही माणसाची खूण ठरली. कोणते काम यंत्राच्या आवाक्याबाहेरचे, याविषयी पो चुकला. पण यंत्र जिंकू लागले तर कोठे थांबणार नाही, हे त्याने ओळखले होते.

आणि जेथे त्याने तत्त्वचर्चा सोडून नुसते निरीक्षण केले, तेथे तो सर्वांत अचूक ठरला. मेल्त्सेलबरोबर श्लुंबर्गर नावाचा एक माणूस असतो. पेट्या बांधणे-सोडणे याखेरीज त्याचे काम काय ते कळत नाही. खेळाआधी आणि खेळानंतर तो दिसतो, खेळ चालू असताना कधीच दिसत नाही. रिचमंडमध्ये तो आजारी पडला तेव्हा तुर्काचे खेळ बंद राहिले. माणूस पुतळ्याच्या धडात शिरून बसतो, हा पोचा तर्क चुकीचा होता. पण अनुपस्थितीतून माणूस ओळखण्याची ही पद्धत बिनतोड होती. पाच वर्षांनी, १८४१ साली, याच पद्धतीवर त्याने आपली पहिली गुप्तहेरकथा उभी केली. श्लुंबर्गर १८३८ साली हवाना येथे पीतज्वराने वारला. त्याच वर्षी परतीच्या जहाजावर मेल्त्सेलनेही प्राण सोडला. आतला माणूस गेल्यावर तुर्काला पूर्वीचे दिवस पुन्हा आले नाहीत.

५

पुढचा अंक विसाव्या शतकातला. अ‍ॅलन ट्युरिंग आणि त्याचा एक सहकारी यांनी १९४८ साली बुद्धिबळ खेळण्याची एक यांत्रिक नियमावली तयार केली. ती चालवू शकेल असे संगणकयंत्र तेव्हा उपलब्ध नव्हते. म्हणून १९५२ साली ट्युरिंगने स्वतःच यंत्राचे काम केले. नियमावली समोर ठेवायची, कागदावर आकडेमोड करायची आणि जी चाल निघेल ती मुकाट्याने खेळायची. एकेका चालीला अर्धा अर्धा तास लागे. हा डाव तो हरला. तुर्कात माणूस यंत्राचे सोंग घेऊन स्वतःच्या बुद्धीने खेळत होता. येथे एक अत्यंत बुद्धिमान माणूस स्वतःची बुद्धी बाजूला ठेवून खरोखरच यंत्र झाला होता.

त्यानंतर भाकितांचे युग आले. हर्बर्ट सायमन आणि अ‍ॅलन न्यूएल यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस सांगितले, की दहा वर्षांच्या आत संगणक जगज्जेता होईल. प्रत्यक्षात जवळजवळ चाळीस वर्षे लागली. १९९६ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियात 'डीप ब्लू' या आय.बी.एम.च्या संगणकाने गॅरी कास्पारोव्हकडून एक डाव जिंकला, पण सामना कास्पारोव्हने ४–२ असा घेतला. ११ मे १९९७ रोजी न्यूयॉर्कमध्ये दुसरा सामना संपला तेव्हा डीप ब्लू ३½–२½ असा विजयी झाला होता. अखेरच्या डावात संगणकाने घोड्याचे बलिदान दिले आणि अवघ्या १९ चालींत जगज्जेत्याने डाव सोडला.

डीप ब्लू एका सेकंदात सुमारे वीस कोटी स्थिती तपासू शकत असे. आपल्या भाषेने या खेळाला बुद्धिबळ असे जोडनाव दिले आहे. हा विजय बुद्धीचा नव्हे, बळाचा, असे तेव्हा अनेकांनी आपापल्या भाषेत म्हटले, आणि त्यात तथ्यही होते. परंतु या जोडनावातली दोन पदे कोठे वेगळी होतात, हे कोणालाच नीट सांगता आले नाही.

आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो या सामन्यातला दुसरा डाव. त्यात यंत्राने समोर दिसणारा फायदा नाकारून एक शांत, दूरवरचा विचार केल्यासारखी चाल केली. कास्पारोव्ह हादरला, आणि पुढे जी स्थिती बरोबरीत सुटू शकत होती तीत त्याने डाव सोडून दिला. त्यानंतर त्याने जाहीर संशय व्यक्त केला: ही चाल यंत्राची नव्हे, आत कोणी माणूस ढवळाढवळ करीत आहे. संगणकाच्या नोंदी दाखवा, अशी त्याने मागणी केली. नोंदी पुढे प्रसिद्ध झाल्या, पण पुन्हा सामना झाला नाही. डीप ब्लू निवृत्त झाला आणि त्याचे भाग संग्रहालयांत गेले. दोन दशकांनी, २०१७ साली लिहिलेल्या पुस्तकात कास्पारोव्हने आपला संशय बऱ्याच अंशी सौम्य केला.

१८३६ साली पोने जो आरोप केला तोच १९९७ साली कास्पारोव्हने केला. पो म्हणत होता, हे चुकते, म्हणून आत माणूस आहे. कास्पारोव्हला वाटले, हे फार चांगले खेळते, म्हणून आत माणूस आहे. दोन्ही वेळा माणूस असण्याची खूण वेगळी. एकाने माणसाला त्याच्या उणेपणावरून ओळखले, दुसऱ्याने खोलीवरून. मधल्या एकशे साठ वर्षांत यंत्रे बदलली हे तर खरेच. पण माणूस म्हणजे काय याविषयीची आपली कल्पनाही जागा बदलत राहिली. बरे, कास्पारोव्हच्या संशयात निराधार असे काही नव्हतेच असेही नाही. डीप ब्लूच्या मागे अभियंत्यांचा चमू होता, ग्रँडमास्टरांनी त्याला शिकविले होते, त्याच्या स्मृतीत मागच्या पिढ्यांचे असंख्य डाव साठविलेले होते. माणसे आत होतीच. ती त्या क्षणी पेटीत बसलेली नव्हती, एवढेच.

६

२०१६ च्या मार्चमध्ये सोल येथे 'अल्फागो' या संगणकप्रणालीने गो या खेळात कोरियाच्या ली सेडॉलला ४–१ असे हरविले. सामन्याच्या चित्रफितीत ली सेडॉलसमोर एक माणूस बसलेला दिसतो. तो पडद्यावर पाहतो आणि यंत्राने सांगितलेल्या जागी सोंगटी ठेवतो. हा आजा ह्वांग, अल्फागो घडविणाऱ्यांपैकीच एक आणि स्वतः गोचा चांगला खेळाडू. तुर्काच्या पेटीत माणूस आणि बाहेर यांत्रिक हात होता. येथे यंत्र दृष्टीआड आणि बाहेर माणसाचा हात. ली सेडॉलने चौथ्या डावात एक अशी चाल केली की यंत्र गोंधळून हरले. तो जिंकलेला एकमेव डाव. २०१९ साली त्याने व्यावसायिक खेळातून निवृत्ती घेतली आणि तिचे एक कारण म्हणून यंत्राची ही अजिंक्यता सांगितली.

बुद्धिबळ मात्र १९९७ नंतर संपले नाही. डी. गुकेश २०२४ साली जगज्जेता झाला. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ साली जॉर्जियातल्या बटुमी येथे महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. ही पिढी यंत्राबरोबर सराव करीत वाढली. कोणत्याही मोबाइलमधली प्रणाली आपल्याला हरवील हे तिने लहानपणीच स्वीकारले आणि तरीही खेळ सोडला नाही. परंतु स्पर्धांच्या दाराशी आता खेळाडूंची झडती होते, धातुशोधक फिरतो, मोबाइल बाहेर ठेवावा लागतो. एखाद्याने असामान्य चाल केली की कुजबुज सुरू होते: याच्यापाशी यंत्र तर नाही? संशयाने येथे पूर्ण उलटी कूस घेतली आहे. पूर्वी यंत्रात माणूस शोधीत, आता माणसात यंत्र शोधतात.

हा उलटा संशय आमच्या वर्गांतही पोहोचला आहे. विद्यार्थ्याने चांगला निबंध लिहून आणला की, गेल्या काही वर्षांत, शिक्षकाच्या मनात पहिला विचार कौतुकाचा येत नाही. पूर्वी आम्ही शुद्धलेखनाच्या चुका खोडीत असू. आता एखादी चूक दिसली की बरे वाटते. पोप्रमाणेच चुकीवरून माणूस ओळखण्याची वेळ आमच्यावर आली आहे. हा मार्ग अपुरा तर आहेच, अन्यायाचाही आहे. ज्या मुलीने खरोखर रात्र जागून लिहिले, तिला तिच्या उत्तमपणाचीच शिक्षा देणारा तो आहे.

मग काय करावे? आम्हाला वाटते, पोचा तर्क सोडून त्याची नजर घ्यावी. यंत्राला काय जमेल याविषयीची भाकिते फसतात. श्लुंबर्गर कोठे आहे, हा प्रश्न मात्र फसत नाही. २००५ साली अ‍ॅमेझॉनने एक सेवा सुरू केली. संगणकाला न जमणारी बारीकसारीक कामे जगभरातल्या माणसांकडून, घरबसल्या, थोड्या थोड्या सेंटांत करून घ्यायची. तिला नाव दिले 'मेकॅनिकल टर्क', यांत्रिक तुर्क. नाव ठेवणाऱ्यांना इतिहास ठाऊक होता, आणि त्यांनी तो लपविलाही नाही. या कामकऱ्यांत अमेरिकेखालोखाल भारतातली माणसे मोठ्या संख्येने आहेत. २००९ साली जगासमोर आलेला 'इमेजनेट' हा लक्षावधी छायाचित्रांचा संग्रह याच सेवेतून दीडशेहून अधिक देशांतल्या हजारो माणसांनी नावे देऊन तयार केला: हे मांजर, ही होडी, हा छत्रीवाला. २०१२ साली याच संग्रहाच्या आधाराने यंत्रदृष्टीने मोठी झेप घेतली आणि आजच्या यंत्रयुगाची सुरुवात तेथून मोजली जाते. २०२३ च्या आरंभी केनियातल्या कामगारांच्या हकिकती प्रसिद्ध झाल्या. यंत्राने सभ्य बोलावे म्हणून असभ्य, हिंस्र मजकूर दिवसभर वाचून त्याची वर्गवारी करणे हे त्यांचे काम होते. पेटी मोठी झाली, मेणबत्तीचा धूर दिसेनासा झाला, आत माणसे मात्र आहेत.

वॉल्टर बेन्यामिनने १९४० साली, आपल्या अखेरच्या लेखनात, इतिहासाच्या तत्त्वज्ञानाविषयी टिपणे लिहिताना आरंभी हाच तुर्क आठवला होता, ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेल. त्याच्या रूपकात बाहुले विजयी होते आणि पटाखालचा खुजा माणूस कोणाला दाखविण्याजोगा नसतो. त्याने ते धर्मशास्त्र आणि ऐतिहासिक भौतिकवाद यांच्या संदर्भात वापरले. आज तेच रूपक अक्षरशः वाचता येते.

त्याच्या वीस वर्षे आधी, १९२० साली, कारेल चापेक या चेक लेखकाने लिहिलेल्या नाटकातून 'रोबोट' हा शब्द जगाला मिळाला; तो सुचविला त्याचा भाऊ योसेफ याने. मूळ चेक शब्द 'रोबोता' म्हणजे वेठ. मराठीने त्याला 'यंत्रमानव' असा प्रतिशब्द दिला. शब्द सुबक आहे आणि तो रुळलाही. पण 'रोबोट'मध्ये जी वेठ ऐकू येते ती 'यंत्रमानवा'त येत नाही. यंत्र आले, मानव आला, वेठ तेवढी भाषांतरात गळली. आपल्याकडे वेठबिगार हा शब्द होता, त्यामागचा अनुभवही होता. तरी तो या नव्या वस्तूला जोडावा असे कोणाला वाटले नाही.

साहित्याचे अध्यापन म्हणजे अखेर हेच नव्हे काय? वाक्यात कोण बोलते आहे, कोण बोलत नाही, कर्ता कोठे गळला, हे विचारीत राहणे. 'यंत्राने लिहिले' असे वाक्य समोर आले की त्यातला 'ने' कोणता, हा प्रश्न विद्यार्थ्यांबरोबर बसून सोडवायला हवा. ज्यांच्या लेखनावर यंत्र पोसले गेले ते लेखक कोण, ज्यांनी ते निवडले-पाखडले ते हात कोणाचे, आणि ज्या विद्यार्थ्याने ते आपल्या नावावर दिले त्याने स्वतः काय केले आणि काय करायचे टाळले, हे सर्व त्या एका प्रत्ययात आहे. यंत्र उद्या आणखी कशाकशात आपल्या पुढे जाईल. श्लुंबर्गरचे नाव मात्र यंत्राने शोधले नव्हते. आजारी पडलेल्या एका माणसामुळे खेळ बंद पडला, हे एका लेखकाच्या लक्षात आले होते.